हप्ता चुकला नाही

दिवाळी अंकासाठी तुमच्या कामावर काहीतरी लिहा, असा फोन आला तेव्हा संपादकांच्या डोक्यात माझी बँकेतली नोकरी होती. ती कधीच संपली, आता मी बारामतीत बसून दिवाळखोरीच्या प्रकरणांतले हप्ते बघते, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "सणासुदीच्या अंकात दिवाळखोरी बरी दिसणार नाही, मॅडम. बँकेतल्या गमतीजमती लिहा ना." मी म्हटलं, लिहिलं तर यावरच लिहीन, नाहीतर राहू द्या. शेवटी 'बरं, पण फार रडकं नको' या अटीवर त्यांनी होकार दिला. ती अट पाळायला मला काहीच अवघड नाही. माझ्याकडे आलेली माणसं रडणारी नव्हतीच. निदान ज्या बाईबद्दल लिहायचंय, ती तर नव्हतीच नव्हती.

आधी काम काय ते सांगते. एखादी कंपनी कर्ज घेते तेव्हा कर्ज देणारा नुसत्या कंपनीवर विश्वास ठेवत नाही. मालक, त्याची बायको, भाऊ, कोणीतरी जामीन लागतो. कंपनी बुडाली की जामीनदाराच्या मागे लागतात. प्रकरण न्यायाधिकरणात जातं. तिथं कायदा जामीनदाराला एक संधी देतो. तुझ्याकडून काय आणि कसं फिटेल ते मांड, कर्ज देणाऱ्यांनी बहुमतानं मान्य केलं तर तेवढं फेड आणि मोकळा हो. याला परतफेड योजना म्हणतात. ती नीट चालतेय की नाही हे बघायला परवाना असलेला एक माणूस नेमलेला असतो. आमचे मोहिते सर पुण्यात बसतात आणि असं काम करतात. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतली त्यांची प्रकरणं मी बघते. ठरल्या तारखेला जामीनदारानं आपल्या खात्यातून योजनेच्या खात्यात ऑनलाइन पैसे भरायचे, ते आले की मी खात्री करायची आणि ज्याचा त्याचा वाटा पुढं पाठवायचा. रोख नाही, चेक नाही. हप्ता चुकला तर योजना मोडते, मग कर्ज देणारे दिवाळखोरी मागू शकतात आणि घरदार विक्रीला निघतं.

ऐकायला सोपं आहे. पण 'पैसे गेले' आणि 'पैसे आले' या दोन गोष्टींच्या मध्ये किती खड्डे असतात, ते या खुर्चीत बसल्याशिवाय कळत नाही.

सुप्याचे एक तात्या होते. भाच्याच्या पोल्ट्री कंपनीला जामीन राहिले आणि अडकले. यंत्रावर त्यांचा अजिबात भरवसा नव्हता. हप्त्याच्या दिवशी ते आधी एक रुपया पाठवायचे आणि मला फोन करायचे. "आला का?" मी आला म्हटलं की उरलेली रक्कम पाठवायचे आणि पुन्हा फोन. "आता समदं आलं का?" मला हसू यायचं. पुढं कर्ज देणाऱ्यांच्या आग्रहावरून त्यांचा हप्ता खात्यातून आपोआप कापून जाईल अशी सोय केली. एका महिन्यात बँकेनं संदेशांचे कसलेसे चार पैसे कापले आणि शिल्लक तेवढ्यानं कमी पडली. हप्ता परत गेला. तात्या तेव्हा डेंग्यूनं दवाखान्यात पडलेले, फोन कुठं होता तेही त्यांना ठाऊक नव्हतं. तारीख उलटून गेली. मी हातापाया पडले तरी कर्ज देणारे ऐकले नाहीत. योजना मोडली, घर गेलं. तात्या आता लेकीकडं राहतात. बाजारात भेटले की माझी विचारपूस करतात, त्या विषयावर एक शब्द बोलत नाहीत. ते बोलत नाहीत हेच मला जास्त लागतं.

हे मनात ताजं असतानाच कमल नगरेंचं प्रकरण आलं.

भिगवणचा मासळी बाजार ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक असेल, तिथं माशाइतकंच महत्त्व बर्फाला. उजनीच्या पाण्यातला कटला, रोहू, चिलापी पहाटे येते, लिलाव होतो आणि बर्फात घालून माल बाहेर पडतो. कमलताईंच्या नवऱ्यानं बर्फाच्या कारखान्याची कंपनी काढली होती आणि कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून बायकोची सही घेतली होती. कोरोनात तो गेला. मागोमाग कारखाना बसला, यंत्रं आणि जागा विकली गेली, तरी कर्ज उरलंच. कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थेनं कमलताईंना न्यायाधिकरणात खेचलं. त्यांच्या नावावर राहतं घर होतं आणि हायवेला लागून थोडी मोकळी जागा. वित्तसंस्थेचा डोळा त्या जागेवर होता. कोणी तसं बोलत नव्हतं, पण बैठकीत विषय काहीही असला तरी गाडी तिथंच येऊन थांबायची.

पहिल्या भेटीला त्या माझ्या ऑफिसात आल्या तेव्हा सोबत त्यांचे दीर होते. दीर म्हणाले, "वहिनी, जागा पोरीच्या नावावर करून टाका. मग बसा म्हणावं बोंबलत."

कमलताईंनी त्यांच्याकडं बघितलंही नाही. मला म्हणाल्या, "म्याडम, सही माझी हाय. मला वाचता येत हुतं, मी वाचून केली. आता मी लपवाछपवी करणार न्हाय आन् जागाबी देणार न्हाय. फेडीन. कसं फेडायचं तेवढं सांगा."

मला ही बाई तिथंच आवडली. त्याला माझं स्वतःचं एक कारण आहे. मी कन्हेरीची. आमच्या वस्तीनं बाबासाहेबांच्या मागून धम्म घेतला, शिकायला लागली, पण माझ्या वडिलांना म्हशीसाठी कर्ज हवं होतं तेव्हा गावातलं कोणी त्यांना जामीन राहायला तयार झालं नाही. आमच्याकडचं चहाचं पाणी चालत नव्हतं, तिथं सही कोण देणार? शेवटी पणदऱ्याचे एक मास्तर राहिले. वडिलांनी ते कर्ज फेडलं, पण मास्तरांचं नाव मरेपर्यंत विसरले नाहीत. म्हणून दुसऱ्यासाठी जामीन राहिलेल्या माणसाला कोणी चोर-लबाड म्हटलं की माझं डोकं फिरतं. हे सरांना कधी सांगितलं नाही. सांगून त्यांना कळलंही नसतं.

योजना मंजूर झाली. वित्तसंस्थेचे साळवी नावाचे अधिकारी मान्यतेची सही करताना म्हणाले, "बघू किती महिने चालतंय." कमलताई दुसऱ्या कारखान्यातून बर्फाच्या लाद्या घ्यायच्या, यंत्रात चुरा करून बाजारात विकायच्या. पेटीवर क्यूआर कोड चिकटवला होता. आडतदार महिन्याचा हिशेब एकदम द्यायचे, किरकोळ गिऱ्हाईक फोनवरून. हप्ते वेळेवर येत होते. साळवींच्या तोंडावर दर महिन्याला थोडी थोडी निराशा दिसायला लागली होती.

आणि एका सकाळी कमलताई एसटीनं बारामतीला आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "जल्मभर बर्फ इकला, म्याडम. आता खातंच गोठलं."

हप्त्याची तारीख दुसऱ्या दिवशीची होती.

मी त्यांच्याबरोबर त्यांच्या भिगवणच्या बँकेत गेले. शाखाधिकारी तरुण होता, स्वभावानं वाईट नव्हता. झालं होतं असं की हायवेनं जाणाऱ्या कुणीतरी मासे नेताना कमलताईंकडून बर्फ घेतला आणि फोनवरून पैसे दिले. ते पैसे म्हणे दुसऱ्या राज्यातल्या कसल्या ऑनलाइन फसवणुकीतून फिरत आलेले होते. तिथल्या पोलिसांनी ते ज्या ज्या खात्यात गेले ती सगळी खाती धरायला सांगितली, आणि बँकेनं कमलताईंचं अख्खं खातं बंद करून टाकलं.

"त्यानं किती दिलं हुतं?" कमलताईंनी विचारलं.

शाखाधिकाऱ्यानं स्क्रीनवर बघितलं. "साडेचारशे रुपये."

"मग साडेचारशे ठेवा की. माझं बाकीचं का धरलंय?"

"मावशी, सिस्टिमला तसा आदेश आलाय. तुम्ही तिकडच्या पोलिसांना अर्ज करा."

"तिकडचं पोलीस मला वळखत न्हाईत. तुमी वळखता. तुमच्या घरी बारशाला बर्फ कुणी दिला?"

मी त्याला म्हटलं, संशयाची रक्कम तेवढी रोखून बाकीचं मोकळं करता येतं, वरिष्ठांना विचारा. त्यानं विचारलं. वरिष्ठ म्हणाले, लेखी आल्याशिवाय नाही. पोलिसांचा जो नंबर दिला होता तो मी दिवसभर फिरवला. वाजायचा आणि बंद व्हायचा.

बँकेच्या पायरीवर उभं राहून मी कमलताईंना खरं ते सांगितलं. तुमचं खातं उद्यापर्यंत सुटणार नाही. पैसे दुसरीकडून उभे करावे लागतील आणि तुमच्याच नावाच्या खात्यातून पाठवावे लागतील. एवढ्या वेळात जमणं अवघड आहे.

"अवघड हाय म्हंजे हुतंय," त्या म्हणाल्या. "तुमी सकाळी बाजारात या."

सकाळी मी भिगवणला पोचले तेव्हा लिलाव उरकत आला होता. पाटीवाल्या बायका, टेम्पो, पायाखाली चिखलपाणी. कमलताई आपल्या बर्फाच्या पेटीवर चढून उभ्या राहिल्या. आवाज मुळातच मोठा.

"माझं जरा ऐका. माझं खातं बँकेनं धरलंय. मी चोरी केली न्हाय, पर धरलंय. मी दिवाळ्यात हाय हे समद्यास्नी ठावंच हाय, माझ्या माघारी बोलताच तुमी. आज हप्ता हाय. ज्याच्याकडं माझं बर्फाचं येणं हाय त्यानं आत्ता रोख द्यावं. महिना भरायचा हाय, ठावं हाय मला. तरी द्या."

दिवाळ्यात आहे हा शब्द स्वतःच्या तोंडानं, भर बाजारात, एवढ्या मोठ्यानं म्हणणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. माझ्याकडं येणारे लोक ऑफिसची पाटी बघूनही आजूबाजूला नजर टाकून मग आत शिरायचे. एक म्हातारा आडतदार पुढं आला, त्यानं आपली बाकी मोजून दिली. मग बाकीचे आले. एकानं नोटांची जाड घडी पुढं केली. "वहिनी, हे वरचं राहू द्या. पुढं बघू."

कमलताईंनी वरच्या नोटा काढून त्याच्या खिशात परत कोंबल्या. "उसनं नगं, आण्णा. माझं येणं तेवढंच."

तिथून आम्ही दुसऱ्या एका बँकेत गेलो, नवं खातं काढायला. हल्ली अंगठा लावला की खातं लगेच निघतं. पण कमलताईंचा अंगठा उमटेना. यंत्र लाल दिवा दाखवून परत मागायचं. एक बोट, दुसरं बोट, पुसून, तेल लावून, काही उपयोग नाही. इतकी वर्षं बर्फात आणि मिठात हात घालून बोटांच्या रेघा गेल्या होत्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मावशी, बोटांवर ठसाच नाही. आधी आधार केंद्रात जाऊन सुधारून आणा, मग या."

"हितंच बसते," कमलताई म्हणाल्या. "बोटं न्हाईत तर तोंड हाय माझं. तोंडावरून बघा."

त्या रागानं म्हणाल्या होत्या. पण तोंडावरून ओळख पटवायची सोय खरोखरच असते. त्या मुलीनं कधी वापरली नव्हती, मीही नाही. तिनं आतून साहेबांना बोलावलं. त्यांनी फोन कमलताईंच्या चेहऱ्यासमोर धरला आणि डोळ्यांची उघडझाप करा म्हणाले. कमलताईंनी इतक्या रागानं डोळे मिचकावले की साहेब दचकून मागं सरले. हिरवी खूण आली.

खातं निघालं. हप्त्याएवढी रोख भरली. नवीन खात्यातून फोनवर एवढी रक्कम लगेच जात नाही, म्हणून काउंटरवर फॉर्म भरून पाठवली. व्यवहाराचा नंबर मिळाला, म्हणजे पैसे गेले. आता यायचे होते. आम्ही बाहेर रसवंतीवर जाऊन बसलो. मी योजनेचं खातं पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. सुप्याच्या तात्यांचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. कमलताईंनी रस संपवला, आणखी एक मागवला. दुपार कलताना रक्कम आली. मी फोन त्यांच्यापुढं धरला. त्यांनी आकडा बघितला आणि म्हणाल्या, "चला, मला मशीन धुवायचीय."

मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी साळवींची मेल आली. योजनेत जे खातं नमूद आहे त्यातून पैसे आलेले नाहीत, म्हणून हा हप्ता चुकला असं धरावं आणि तसा अहवाल न्यायाधिकरणाला द्यावा. मोहिते सरांचा लगेच फोन आला.

"मॅडम, शब्दशः बघितलं तर त्यांचं अगदीच चूक नाही. आपण चुकला असं लिहू आणि पुढं न्यायाधिकरण काय ते ठरवेल. आपल्या अंगावर नको."

"सर, पैसे तारखेला आलेत. तिच्या नावाच्या खात्यातून आलेत. मी वाटे पाठवलेत."

"ते ठीक. पण नोंद करायला काय हरकत आहे?"

"एकदा चुकला लिहिलं की ते ती नोंद घेऊनच जागेपर्यंत जातील. मी लिहिणार नाही."

"तुम्हाला लिहावं लागेल. तुमचं ते कामच आहे."

"जे झालं ते लिहिणं माझं काम आहे. चुकला लिहायचं असेल तर दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या, आणि माझी खुर्चीही त्यालाच द्या."

माझं पेन्शन आहे, म्हणून हे बोलणं मला परवडलं, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. फोन ठेवला. मी लगेच अहवाल लिहिला: खातं का बंद झालं, कोणत्या बँकेत काय घडलं, पैसे कधी निघाले आणि कधी पोचले. 'चुकला' हा शब्द कुठंही नाही. सरांनी तो तसाच पुढं पाठवला, फक्त मधले चार दिवस माझा फोन उचलला नाही.

साळवी हटले नाहीत. वित्तसंस्थेनं योजना मोडावी म्हणून अर्ज केला. सुनावणी व्हिडिओवर होती. कमलताई माझ्या ऑफिसात इस्त्रीची साडी नेसून बसल्या. वित्तसंस्थेच्या वकिलांनी इंग्रजीत बराच वेळ मांडणी केली. न्यायाधिकरणाच्या सदस्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, या हप्त्यातला तुमचा वाटा तुम्हाला मिळाला का? वकील म्हणाले, मिळाला. तो तुम्ही परत केलात का? वकिलांनी साळवींकडं बघितलं. परत केला नव्हता. म्हणजे पैसे चालले, फक्त ज्या वाटेनं आले ती वाट चालली नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला, असं सदस्यांनी विचारलं.

कमलताईंनी मला कोपर मारलं. "मला बोलू देत्यात का इचारा."

सदस्यांपैकी एकांना मराठी येत होतं. ते म्हणाले, बोला.

"साहेब, मी पळाली न्हाय. माझा पत्ता त्योच हाय, फोन त्योच हाय, बर्फाची पेटीबी तितंच हाय. ह्यास्नी पैसं पायजेत का माझी जागा, एवढं एकदा ह्यांच्या तोंडानं इचारून घ्या. पैसं पायजे आसतील तर एक दार बंद झालं की मी दुसऱ्या दारानं आणून दीन. जागा पायजे आसंल तर तसं म्हणावं. म्हंजे मी बी तसंच भांडंन."

मराठी जाणणाऱ्या सदस्यांनी शेजारच्यांना थोडक्यात समजावलं. साळवींचा अर्ज फेटाळला गेला. नवं खातं योजनेत लिहून घ्या, एवढाच आदेश झाला.

आता तिखटमीठ न लावता पुढचं. जुनं खातं पुढं कित्येक महिने बंदच राहिलं. मी अर्जांवर अर्ज केले. एक दिवस ते आपसूक उघडलं, का ते कोणी कळवलं नाही, दिलगिरी तर दूरच. मोहिते सरांनी मला बरेच दिवस नवीन प्रकरण दिलं नाही. मग एकदा स्वतःच आले, चहा घेतला आणि इंदापूरच्या दोन फाइली टेबलावर ठेवून गेले. तात्यांच्या वेळी मी नुसत्या विनवण्या केल्या, भांडले असते तर काय झालं असतं, हे मात्र मला अजून कळलेलं नाही. कदाचित काहीच नाही. पण भांडायला हवं होतं.

कमलताईंचे सगळे हप्ते फिटले. न्यायाधिकरणाचा मुक्ततेचा आदेश आला त्या दिवशी त्या एक मोठा कटला बर्फात गुंडाळून माझ्या ऑफिसात घेऊन आल्या. आदेश मी त्यांना मराठीत समजावून सांगत होते, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हात ओले होते म्हणून त्यांनी कोपरानं स्पीकर लावला.

पलीकडून गोड आवाजातली मुलगी बोलायला लागली. कुठल्याशा वित्तसंस्थेची होती. "मॅडम, अभिनंदन. तुमच्या व्यवसायासाठी आमच्याकडून कर्ज मंजूर झालेलं आहे. कागदपत्रं काही नाहीत, फक्त एक जामीनदार लागेल."

मी कपाळाला हात लावला. कमलताई मात्र शांतपणे खुर्चीत टेकल्या आणि फोनकडं झुकल्या.

"बाळ, कर्ज मला नगं," त्या म्हणाल्या. "पर तुझ्या साहेबाला उधारीवर बर्फ पायजे आसंल तर धाडून दे. चांगला देते. जामीन मी मागत न्हाय."